राखणीचा भात

१

टेंभाच्या वाडीत बुजगावणं करायचं काम सकुबाईचं. वाडी वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, माळशेजच्या रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चढणीवर. घरं पंधरा, आणि रानडुकरं त्याहून पुष्कळ जास्त. भात पोटरीत आलं की सकुबाई अंगणात फतकल मारून बसायची, दोन बांबू उभे-आडवे बांधायची, पेंढा भरायची, मुलाचा जुना सदरा चढवायची आणि डोक्याच्या जागी काळं मडकं पालथं घालायची. मडक्यावर चुन्यानं नाक काढायची, तोंड काढायची. डोळे मात्र काढायची नाही. रंजिता नवी सून म्हणून आली त्या वर्षी तिनं हौसेनं दोन टपोरे डोळे काढले होते, तर सासूनं पदराला थुंकी लावून ते पुसून टाकले.

"डोळं नाय काढायचं गो."

"का वं आये?"

"त्याला कशाला बघाय लावायचा? उभा राहू दे गप."

सकुबाईचा दुसरा नेम राखणीचा. कापणीच्या आदल्या दिवशी बुजगावण्यापुढं पत्रावळ मांडायची, नव्या भाताचा एक गोळा त्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "ये रे बाबा, जेव. राखलास तसा राख." गोळ्यात मीठ घालायचं नाही, आणि बाबा सोडून दुसरं कुठलं नाव तोंडात आणायचं नाही. पुढं झोडणी संपली की त्याच बुजगावण्याला खळ्याच्या कडेला पेंढ्यावर घालून जाळायचं, वाडीनं भोवती बसून जेवायचं, की त्याची सुट्टी झाली. रंजिताला यात आठ वर्षांत काही वावगं वाटलं नव्हतं. प्रत्येक घराच्या काही खोडी असतात, तशी ही या घराची.

दोन हजार दोन साली सकुबाईला बांबू बांधावे लागले नाहीत. बुजगावणं मुंबईच्या लोकांनी तयार करून दिलं, आणि त्याला डोळे होते.

२

त्या भादव्यात घाटाखाली पिक्चरचं युनिट उतरलं. कुणा शेटचा पडीक बंगला होता, तिथं जनरेटर, दिवे आणि चहाची पिंपं आली. वाडीतली माणसं हातातली कामं टाकून बघायला जात आणि तासन्‌तास बघण्यासारखं काही घडत नाही म्हणून शिव्या घालत परत येत.

पिक्चरची गोष्ट सुदामनं घरी येऊन सांगितली. सुदाम म्हणजे रंजिताचा नवरा, सकुबाईचा एकुलता एक. एका श्रीमंताच्या पोराची हुबेहूब नक्कल डॉक्टर लोक तयार करतात आणि जंगलातल्या बंगल्यात कोंडून वाढवतात. पोराचा डोळा गेला, काळीज बिघडलं, तर सुटा भाग हाताशी असावा म्हणून. एक दिवस ती नक्कल शहाणी होते, पळते आणि पोराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या हातचं जेवते. बायकोला दोघांतला फरक कळत नाही. मग पोरगा कोयता घेतो.

"नि मग?"

"मग काय, तोडतो त्याला."

हिरोची पाठ आणि सुदामची पाठ एका मापाची निघाली, म्हणून त्याला डुप्लिकेटचं काम मिळालं. जिथं हिरोचं तोंड दिसायचं नाही तिथं सुदामनं चालायचं, पडायचं, मार खायचा. तोडायच्या प्रसंगासाठी डमी लागणार होती, आणि हिरोनं चेहऱ्यावर प्लास्टर घ्यायला साफ नकार दिला. मग सुदाम नाकात नळ्या घालून अर्धा तास पडून राहिला आणि त्याच्या तोंडाचा साचा निघाला. डमी करणारा विनोद नावाचा कारागीर होता, कामात वाघ. त्यानं सुदामचं डोकं भादरून ते केस एकेक करून सुईनं रबरात रोवले.

सुदाम ते टक्कल कुरवाळत घरी आला तेव्हा हर्षाली, त्याची सहा वर्षांची पोर, हसून हसून लोळली. तोही हसला. माणूसच तसा होता. घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडं सोडून यायचा आणि वर त्याला म्हणायचा, जा बाबा, तुला पण पोरंबाळं असतील. वाडीतले बाप्ये त्याला यावरून चिडवायचे. रंजिता मनातून त्याच्यावर फार खूश होती.

३

शेवटच्या दिवशी रंजिता शूटिंग बघायला गेली. बंगल्याच्या मागच्या खोलीच्या भिंती पांढऱ्याफेक रंगवल्या होत्या आणि मधोमध खुर्चीला सुदामला बांधून ठेवलं होतं. ती किंचाळणार तोच तिच्या खांद्यावर हात पडला. मागं सुदाम उभा होता, हातात चहाचा कप घेऊन.

"डमी हाय गो ती."

रंजितानं पुढं होऊन डमीच्या दंडाला हात लावला. गार, किंचित चिकट. उन्हात पडलेल्या टायरीचा वास येत होता. त्या वासानं तिला धीर आला. रबर ते रबर.

"झकास झालीय ना, वहिनी?" विनोद म्हणाला. "आज हिला मारायचंय."

"मारला म्हंजे खून नाय का व्हत, पिक्चरमधी?"

"नाही ना. पिक्चरमधला वकील हेच म्हणतो. नक्कल मारली तर खून होत नाही. माणूस तर जिवंतच आहे की."

"पण त्याला दुखत आसंल ना?"

"कुणाला?"

"नकलेला."

विनोद हसला, मग हसायचा थांबला. "डायरेक्टरसाहेबांचं डोकं तिथंच अडलंय, वहिनी. दोन वर्षं."

तोडणारा हिरो पाठमोरा दिसणार होता. म्हणजे तोडायचं काम सुदामचंच. हिरो पंख्यासमोर बसून संत्रं सोलत होता. डमी एकच, म्हणून टेकही एकच. डायरेक्टर सुदामच्या कानाशी लागला. तो हळू बोलत होता, पण खोली एवढी शांत होती की रंजिताला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"तो तुझं सगळं घ्यायला आलाय, सुदाम. घर, बायको, पोरगी. तो राहिला तर तू नाहीस. कळलं?"

तीन घाव घालायचे ठरले होते. पहिला डाव्या खांद्यावर बसला, आतली पिशवी फुटली आणि तांबडं पाणी भिंतीपर्यंत उडालं. दुसरा त्याच जागी. तिसरा छातीपर्यंत उतरला. डायरेक्टर "कट" म्हणाला. चौथा घाव बसला. लोक "कट, कट" ओरडायला लागले, आणि सुदाम घशातून जनावरासारखा आवाज काढत मारत राहिला. सातव्याला चौघांनी त्याला धरलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुदामनं मान वळवून रंजिताकडं बघितलं, आणि ही बाई कोण ते आठवत नसल्यासारखा बघतच राहिला.

त्याला धुवायला ताडपत्रीमागं नेलं. शिवून ठेवायला डमीही तिथंच नेली. बराच वेळ गेला. शेवटी विनोदनं ताडपत्री बाजूला करून सुदामला बाहेर ढकललं आणि हसत म्हणाला, "घ्या वहिनी तुमचा नवरा. नीट बघून न्या हं, दोन आहेत."

सगळे खो खो हसले. रंजिताही हसली. त्या हसण्याची आठवण तिला पुढं कित्येक दिवस सलत राहिली.

४

युनिट डमी दरीत टाकून देणार होतं. "मला द्या, डुकरांना लावतो," म्हणून सुदामनं ती मागून घेतली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. सकुबाईनं बघितलं मात्र, ती पायरी उतरून अंगणात आली.

"डोळं हायत त्याला."

"मग?"

"मडका घालते मी. ह्यो नको."

"पन्नास माणसांनी मला मरताना बघितला, आये. आता डुकरांना बघू दे." तो असं कधी बोलत नसे.

डमी शेतात उभी राहिली. सकुबाईनं तिच्या डोळ्यांना चुना फासून बघितला, पण काचेवर चुना टिकेना. डुक्कर त्या वर्षी फिरकलं नाही. पोपट आले नाहीत, मुनिया आल्या नाहीत, शेजारच्या तुकड्यावरसुद्धा पाखरू उतरलं नाही. शेजारचा नवशा म्हणाला, "माझाबी शेत राखलाय सुदामनं. बरा हाय." रंजिताला मात्र ती शांतता बरी वाटेना. भाताच्या शेतात आवाज नसावा, हे काही ठीक नव्हे.

सुदामला आणखी काम देऊ असं युनिटमधल्या कुणीसं म्हटलं होतं. तो रोज सकाळी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन त्यांच्या जीपची वाट बघत बसायचा आणि संध्याकाळी पिऊन यायचा. घरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचा. "त्या पिक्चरमधी मी कुठंच नाय. निसती पाठ हाय माझी." एके दिवशी भाकरीबरोबरच्या कालवणात मीठ पडायचं राहिलं. त्यानं ताटली लोटली, उठला आणि रंजिताच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती चुलीच्या वैलावर आदळली. आठ वर्षांत पहिल्यांदा. हर्षाली रडायचीसुद्धा विसरली. सकुबाई मुलाच्या हाताकडं बघत राहिली, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

दुसऱ्या दिवशी राखण. सासू-सुना शेतात गेल्या. सकुबाई रात्रभर झोपली नव्हती. तिनं डमीपुढं पत्रावळ मांडली, आळणी गोळा ठेवला, हात जोडून वर बघितलं. समोर तिच्या मुलाचा चेहरा होता, साच्यात पडून राहिला होता तेव्हाचा, निवांत, कुणावर न रागावलेला. म्हातारीचे डोळे भरून आले.

"ये रे सुदाम," ती म्हणाली, "जेव."

आणि तिनं चटकन तोंडावर हात ठेवला.

"आये, नाव घेतलास."

"निसटला गो. तोंड बघितला नि निसटला."

संध्याकाळी पत्रावळ चाटूनपुसून साफ होती. कुत्र्यानं खाल्लं असेल, रंजिता मनाशी म्हणाली. पण पत्रावळीची एकही काडी हललेली नव्हती.

५

कापणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रंजिता दुपारची भात टाकायला एकटीच घरी आली, तर सुदाम चुलीपाशी बसलेला, दाराकडं पाठ करून. आज टपरीवर गेला नाही वाटतं. तिनं आवाज न करता भात केला, वरण वाढलं, ताटली पुढं सरकवली आणि लांब भिंतीला टेकून उभी राहिली. त्यानं दोन घास घेतल्यावर तिला आठवलं, मीठ. भातातही नाही आणि वरणातही नाही. तिनं आपसूक कानशिलावर हात धरला.

तो जेवत होता. मान खाली, डावा हात मांडीवर पडलेला, उजव्या हातानं सावकाश. भाताचं शीत शिल्लक ठेवलं नाही. जेवून उठला, ताटली स्वतः विसळली, पालथी घातली आणि तिच्याकडं न बघता बाहेर पडला. लग्न झाल्या झाल्या तो असंच करायचा, बायकोला उष्टी काढायला लावायची त्याला लाज वाटायची. रंजिता त्या पालथ्या ताटलीकडं बघून रडली. वळला, तिला वाटलं. माणूस वळणावर आला.

तासाभरानं सुदाम दारात उभा राहिला. तोंडाला दारूचा भपकारा.

"जेवाय वाढ."

"आत्ताच तर जेवलात ना."

"कोण जेवला?"

त्यानं टोप उचकटून बघितला. टोपात खरवड होती. त्यानं कुडाला खोचलेला कोयता उपसला. "कुणाला घातलास? कुणाला?" प्रत्येक "कुणाला"गणिक कोयत्याची मूठ खाली येत होती. पहिली पाठीवर, दुसरी खांद्यावर. तिसरी तिनं हातावर झेलली आणि मनगटात काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मग तो तिथंच बसून डोकं धरून हुंदके द्यायला लागला. "तो घ्यायला आलाय सगळा," तो म्हणाला. "डायरेक्टरनं सांगितला व्हता मला."

सकुबाईनं डाव्या मनगटाला बांबूच्या चिपा बांधल्या.

६

तो रोज येऊ लागला. दुपारी, सगळे शेतात असताना, सुदाम खाली रस्त्यावर असताना. बोलायचा नाही. एकदा मोडलेलं मनगट बघून त्यानं तिच्याऐवजी घागर भरून आणली, उजव्या हातानं. एकदा हर्षालीला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरले, एका हातानं, गुंता न ओढता. पोर त्याच्या मांडीला टेकून पेंगली.

रंजिता खुळी नव्हती. तिला डोकं होतं आणि ते ती चालवत होती. टपरी अर्ध्या तासावर, सुदाम येऊन जाऊ शकतो. पिणाऱ्या माणसाला दुपारचं संध्याकाळी आठवत नाही, असं ती वाडीतच बघत आली होती. डाव्या हाताचं म्हणाल तर कोयता चालवून खांदा भरला असेल. सगळ्याला कारण सापडत होतं. एके दिवशी तो जेवत असताना ती अंगणात गेली आणि खालच्या शेताकडं बघितलं. नुकत्याच कापलेल्या खुंटांच्या मधोमध बांबू उभा होता. नुसता बांबू.

ती आत आली आणि त्याला आणखी भात वाढला.

संध्याकाळी ती शेतात गेली तेव्हा डमी आपल्या जागी होती. डाव्या खांद्यावर विनोदनं घातलेले टाके होते, आणि टाक्यांच्या कडेनं काळपट खपली धरली होती. माश्या बसत होत्या. साखरेचा पाक होता तो, तांबड्या रंगात साखर घालतात, सुदामनंच सांगितलं होतं. तिनं नखानं खपली उचकली. खालचं कातडं ओलं आणि गुलाबी होतं.

त्यानंतर एक विचार तिच्या डोक्यात शिरला तो निघेना. भांडी घासताना, भारे बांधताना, मार खाताना तोच. ताडपत्रीमागून कोण बाहेर आला? तिचा सुदाम विंचू मारत नव्हता. घरी आलेला माणूस पोरीसमोर बायकोचं हाड मोडत होता. मग तिचा सुदाम कुठं होता? खांद्यापासून छातीपर्यंत तुटलेला, उन्हात बांबूला बांधलेला, इतके दिवस तिनंच उभा राहू दिलेला, आणि बोलता येत नव्हतं म्हणून फक्त जेवायला येणारा?

ती खुंटांतच बसली आणि तिनं डमीच्या पायावर डोकं ठेवलं. टायरीचा वास येत होता का, हे तिनं मुद्दाम बघितलं नाही.

७

झोडणी संपली त्या दुपारी सुदाम लवकर घरी आला. जीप काही आली नव्हती आणि आता येणार नाही हे टपरीवाल्यानं त्याला तोंडावर सांगितलं होतं. हर्षाली उंबऱ्यावर बसली होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला तशी ती आक्रसली. मग लाडीगोडी लावायला म्हणाली, "बाबा, दुपारच्यासारखी विंचरा ना. एका हातानं."

सुदामनं आत जाऊन कोयता घेतला आणि तो शेताकडं उतरायला लागला.

रंजिता मागं धावली. वाडीतली माणसं ओढ्यावर हातपाय धुवायला गेली होती, संध्याकाळी खळ्यावर जेवण होतं. उतारावर कुणी नव्हतं. ती पोचली तेव्हा पहिला घाव बसून गेला होता. बांबू लचकला होता. सुदामचा चेहरा त्या पांढऱ्या खोलीत होता तसाच झाला होता.

"रबर हाय ह्यो!" तो तिच्यावर ओरडला. "बघ, रबर हाय! माझ्या घरात जेवतो. माझ्या पोरीला हात लावतो." दुसरा घाव मांडीवर बसला. "रंजिते, मी हाय सुदाम. मी. सांग ह्याला!"

ती सांगणार होती. खरंच सांगणार होती. त्याच्या आवाजात तेव्हा काहीतरी होतं, लहान मुलासारखं, आणि तिला वाटलं, हाच माझा. तिनं त्याच्या हाताला धरलं. त्यानं तिला झिडकारलं, चिपा बांधलेल्या मनगटावरच ती पडली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्या झटापटीत कोयता बांबूत घुसून अडकला. सुदाम तो तिथंच सोडून दगड आणायला बांधाकडं वळला. मोठा दगड, दोन्ही हातांनी उचलायचा. तो घेऊन तो डमीसमोर आला आणि डोक्याच्या वर नेला.

बुजगावण्यानं डोळे मिटले.

घट्ट मिटले. मार चुकवता येत नाही हे कळल्यावर माणूस मिटतो तसे. ती स्वतः गेले पंधरा दिवस मिटत होती तसे.

रंजितानं बांबूतला कोयता उजव्या हातानं उपसला आणि सुदामच्या मानेवर मागून घातला. दगड त्याच्याच पायावर पडला. तो वळायला लागला, आणि तो वळला तर त्याचं तोंड बघावं लागेल म्हणून तिनं पुन्हा घातला, आणि पुन्हा. नक्कल मारली तर खून होत नाही, ती म्हणत होती. मोठ्यानं म्हणत होती. चार कधी झाले आणि सात कधी झाले तिला कळलं नाही, आणि इथं तिला धरायला कुणी नव्हतं.

मग तिनं दोर सोडले. बांबूवरचा भार तिच्या अंगावर आला, पुरुषाचा पुरता भार, तिच्या मानेशी ऊन श्वास लागला. त्यानं तिला बांधावर बसवलं. त्यानं स्वतःचा फाटका सदरा काढून पडलेल्याच्या अंगात चढवला आणि त्याचा आपण घातला. तोंडावर पेंढा गुंडाळला, बांबूला आवळून बांधलं. एका हातानं, घाई न करता, शेतकरी माणूस काम करतो तसं. रंजितानं फक्त एवढंच बघितलं की तिकडं बघायचं नाही.

८

दिवस मावळायला वाडी खळ्यावर जमली. नव्या भाताचे टोप आले, बायका पत्रावळी मांडायला लागल्या. रंजिता धुतलेल्या लुगड्यात बसली होती आणि तिच्या शेजारी धुतलेल्या सदऱ्यात तो बसला होता, हर्षालीला मांडीवर घेऊन. पोर त्याच्या गळ्याशी नाक नेऊन परत मागं घेत होती. "सुदाम आज पिला नाय," कुणीतरी बाईनं कौतुकानं म्हटलं.

नवशा आणि दोघं बुजगावणं घेऊन आले. "जड झालाय रं लई! पाणी प्यायलाय काय रबर?" नवशा हसला. त्यांनी ते पेंढ्यावर टाकलं आणि काडी लावली. पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्या नाकाला पदर लावून बसल्या, कारण होळीत एकदा पोरांनी टायर जाळली होती आणि तो काळा घाणेरडा धूर सगळ्यांच्या लक्षात होता.

काळा धूर आला नाही.

पेंढा जळला, सदरा जळला आणि मग तो वास आला. वाडीत प्रत्येकानं आपलं कुणी ना कुणी ओढ्याकाठी पोचवलं होतं. तो वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. टाळ्या थांबल्या. नवशाचं हसू तोंडावरच वाळून गेलं. एकेक करून सगळ्यांनी आधी जाळाकडं बघितलं आणि मग रंजिताच्या शेजारी बसलेल्या सुदामकडं. सुदाम तर इथं होता. सुदाम जिवंत होता. मग बोलायचं काय?

सकुबाई उठली. तिनं पत्रावळ घेतली, भाताचा गोळा त्यावर ठेवला आणि ती मुलासमोरून पुढं गेली, थेट जाळापर्यंत. अंगाला झळ लागेल इतक्या जवळ जाऊन तिनं ती पत्रावळ खाली ठेवली. तिचा आवाज स्वच्छ होता.

"ये रे सुदाम," ती जाळाला म्हणाली. "ये माझ्या बाला. जेव."

"आलू गं आये."

रंजिताच्या शेजारून आवाज आला. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि आवाज सुदामचाच होता, लग्नाच्या वर्षीचा, हळू आणि लाजरा. त्यानं हर्षालीला अलगद खाली ठेवलं, तो उठला, जाळापाशी गेला आणि पत्रावळ पुढं ओढून जेवायला बसला. डावा हात मांडीवर पडलेला होता.

काहीतरी करायला हवं म्हणून रंजिता मिठाची वाटी घेऊन पुढं झाली. मार खाल्ल्यापासून सवयच तशी लागली होती. सकुबाईनं तिचं मनगट धरलं, चिपा बांधलेलं, पण दुखू न देता.

"त्याला नको वाढू, पोरी," ती म्हणाली. "राखणीला मीठ नसतं."

तो मान खाली घालून जेवत राहिला.